जयराम विशेंचं न झालेलं भाषण

१

जयराम विशे यांनी उभ्या आयुष्यात साधी विडी ओढली नव्हती, आणि रविवारी सकाळी ते खुर्चीत मरून पडलेले सापडले तेव्हा त्यांच्या नाकपुड्यांना पांढरी पावडर माखलेली होती.

म्हशाची जत्रा ऐन भरात होती. मुरबाड ठाण्याचे निम्मे पोलीस तिथंच अडकलेले. हवालदार धाकलू पारधी बैलबाजाराच्या वाटेवर टेम्पो वळवत उभा असताना त्याला निरोप आला, आणि घोंगड्यांच्या पालांमधून वाट काढत तो तसाच निघाला. विशेंचं घर जत्रेपासून तीन किलोमीटरवर, वालाच्या शेतात एकटं उभं होतं.

ओट्यावर धोंडीबाई बसली होती. विशेंकडे स्वयंपाकपाणी करणारी साठीची ठाकरीण, धाकलूच्याच पाड्याकडची. आठ वाजता दार ढकलून आत गेली ती हीच. धाकलूला बघताच तिनं तोंड फिरवलं. तिचा मुलगा कान्हा दीड वर्ष तुरुंगात होता. उंबरमाळीच्या फलाटावर त्याच्या हातात गांजाची पिशवी सापडली होती. पिशवी कुणाची, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून खाकीशी तिनं बोलणं टाकलं होतं.

आत टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर चिमूटभर पावडर, बाजूला कागदाची बारीक नळी, आणि पाच पानी भाषण. हेच भाषण त्या दिवशी अकरा वाजता मुरबाडच्या वाचनालयात व्हायचं होतं. वादविवादाचा विषय फलकावर आठवडाभर झळकत होता : सीमेपलीकडच्या टोळ्यांचा रक्तपात थांबवायचा तर अमली पदार्थ खुले करावेत का?

विशे अमली पदार्थविरोधी पथकातून निवृत्त झाले होते. नोकरीतली नऊ वर्षं पंजाबच्या सीमेवर गेली. पलीकडून येणारी हेरॉईन अडवताना त्यांचा ड्रायव्हर शेजारच्या सीटवर गोळी लागून मेला. नऊ वर्षांत आम्ही पुडीचा भाव वाढवला, टोळी होती तिथंच राहिली, असं ते सांगत. गावी आल्यावर साप्ताहिकात लिहू लागले. ‘बंदी आहे म्हणून भाव आहे, भाव आहे म्हणून बंदूक आहे. मेक्सिकोनं सैन्य उतरवलं, तर एका टोळीच्या चार झाल्या. दुकान उघडा, टोळी उपाशी मरेल.’ तालुक्यात घराघरांत त्यावरून भांडणं झाली होती.

आता ओट्याखाली जमलेली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

“सोता घेत व्हता, म्हणूनच खुलं करा म्हणं.”

निरीक्षक सारिका मोकाशी आल्या, त्यांनी पाहिलं आणि सुस्कारा टाकला. “ओव्हरडोस. वाईट झालं, पारधी. नाव गेलं बिचाऱ्यांचं.”

धाकलू भाषणाची पानं उलटत होता. कागदाला घडी नव्हती; सुरकुत्या होत्या, पानभर, जाळ्यासारख्या. बोळा करून फेकलेला कागद कुणीतरी तळहातानं दाबून पुन्हा सरळ केला होता. आज अकराला वाचायचं भाषण माणूस चुरगळेल कशाला?

तो स्वयंपाकघरात गेला. स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले. तो बाहेर धोंडीबाईपाशी आला.

“मावशी, आतले कप तू धुतलेस?”

धोंडीबाईनं नाही म्हणून मान हलवली.

“मग साहेबांनी धुतले असतील.”

ती शेताकडे बघत म्हणाली, “त्यांनी जन्मात कप धुतला नाय.”

२

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर हेतल जरा कमी बोलणाऱ्या. शवविच्छेदन झाल्यावर हात पुसत त्या बाहेर आल्या आणि त्यांनी धाकलूला झाडाखाली बोलावलं.

“हवालदार, पावडर ओढायची म्हणजे काय करायचं?”

“श्वास घ्यायचा.”

“बरोबर. श्वासाबरोबर ती आत जाते, घशात उतरते. यांच्या नाकाच्या तोंडाशी भरपूर आहे, आणि घशात कणसुद्धा नाही. दंडावर सुईची खूणही आहे, पण ते मधुमेही होते, रोज टोचून घ्यायचे. त्यामुळे त्या खुणेवरून काही सांगता येणार नाही.”

धाकलूनं स्वतःच्या नाकाकडे बोट नेलं. “म्हणजे नाकात गेली तेव्हा…”

“श्वास चालू नव्हता. मेल्यावर कुणीतरी भरलीय.” त्या थांबल्या. कपाळाला आठी पडली. “गंमत म्हणजे, असंच मी आधी कुठंतरी पाहिलंय. कुठं ते आठवत नाही.”

दुपारी विशेंचा पुतण्या आला. सुनिल नाव. आसनगावला राहायचा, ठाण्याला नोकरी. जमीन विकण्यावरून काकांशी त्याचं वाजलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यानंही ते लपवलं नाही.

“दिवाळीपासून बोलत नव्हतो आम्ही. शनिवारी माझी सेकंड शिफ्ट होती, कामावरून घरी आलो तेव्हा तारीख बदलली होती. विचारा कंपनीत.” मोकाशी मॅडमनी तिथल्या तिथं फोन लावून विचारलं, खरं होतं. जाताना तो दारात अडखळला. “हवालदार, काका खरंच घेत होते का हो? ऑफिसात सगळे विचारणार. मी काय सांगू?”

“थोडं थांब,” धाकलू म्हणाला. “इतक्यात काही सांगू नको.”

डॉक्टरांचं म्हणणं ऐकून मॅडमनी त्याला तीन दिवस दिले. “विसेरा रिपोर्टला महिना जाईल. तोवर लोक त्यांना गर्दुल्ला ठरवून मोकळे होतील. कोण कोण चिडलेलं होतं त्यांच्यावर?”

“मॅडम, अर्धा तालुका. पण शनिवारी त्यांच्या दारात जाऊन ओरडलेलं माणूस एकच आहे.”

त्यानं ते नाव सांगितलं. त्या घराशी त्याचा स्वतःचा हिशेब बाकी होता.

३

भावना केणे मुरबाडच्या बाजारात ब्लाऊज शिवायची. दुकानात मशीनच्या वर तिच्या मुलाचा, भावेशचा फोटो होता. वय वर्षं बावीस.

“आरडाओरडा केला मी,” ती म्हणाली. मशीन थांबवलं नाही. “चार वाजता गेले. म्हटलं, माझ्या पोराच्या मढ्यावर दुकान काढता काय? शंभर शिव्या दिल्या. मेले त्याचं मला दुःख नाय, दादा. खोटं कशाला बोलू?”

“मग ते काय बोलले?”

पाय थांबला. मशीन थांबलं.

“हात जोडले. म्हणले, ताई, उद्या सभेला या. पुढच्या रांगेत बसा, तुमच्यासाठी बोलणार आहे. मला वाटलं, चेष्टा करतात माझी. पाच वाजायच्या आत मी एस.टी.त होते.”

धाकलू फोटोकडे बघत राहिला. पावणेदोन वर्षांपूर्वी ही बाई ठाण्यात आली होती. पोरगा पावडर घेतो, कानातलं विकलं, काय करू? ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत धाकलू होता. त्यानं तिला बाजूला नेऊन, अगदी भावासारखं सांगितलं होतं : लेखी देऊ नका. लेखी दिलंत तर पोराच्या नावावर केस होईल, नोकरीला मुकेल. आसनगावकडे उगवती व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं गुपचूप टाका.

तिनं टाकलं. जूनमध्ये. ऑगस्टमध्ये केंद्राची भिंत ओलांडून तो पळाला, आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या भातखाचरात मेलेला सापडला. नाकाला पावडर होती. बाहेर पडल्या पडल्या घेतली, जास्त झाली, असं सगळे म्हणाले. केंद्राचे डॉक्टर तिच्यापुढे रडले होते.

भावनानं त्याला कधी बोल लावला नाही. उलट ती त्याला दादा म्हणायची, आणि ते त्याला जास्त लागायचं.

“तुमाला काय वाटतं?” तिनं एकाएकी विचारलं. “खुलं करावं? का बंद ठेवावं? तुमी पोलीस, तुमाला कळत असेल.”

“मला कळत नाय, ताई.”

“मला कळतं,” ती म्हणाली. “दोन्हीकडं पोरं आमचीच मरतात.” आणि तिनं पुन्हा मशीन सुरू केलं.

४

वादविवादात विशेंच्या विरुद्ध बोलणार होते ते हेच उगवती केंद्राचे डॉक्टर पंकज निमसे. पंचेचाळिशीचे, कुरळे केस, डोळे झोप न झाल्यासारखे लाल. आसनगाव स्टेशन मागे टाकून कच्च्या रस्त्यावर त्यांचं केंद्र होतं : एक मजली इमारत, उंच भिंत, लोखंडी दार, बाहेरून कडी. पहारेकऱ्यानं कडी काढून धाकलूला आत घेतलं, पुन्हा लावली.

“माझा प्रतिस्पर्धी गेला,” ते म्हणाले. “पण माणूस मोठा होता. पंधरा दिवसांपूर्वी इथं येऊन गेले, ठाऊक आहे? मीच बोलावलं. म्हटलं, खुलं करा म्हणण्याआधी या खाटा बघा. सगळीकडे फिरवलं त्यांना.”

“तुम्ही काय बोलणार होता?”

डॉक्टरांना बोलायला आवडायचं. खुर्ची मागे सारून ते उभेच राहिले. धाकलूला ऐकता ऐकता विचार करणं जमत नसे. म्हणून तो समोरचा बोलेल ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायचा आणि विचार नंतर करायचा. त्यानं वही उघडली.

“लिहा. टोळी उपाशी मरेल म्हणतात. टोळी कशाला मरेल? ती वाळू उपसेल, खंडणी घेईल, मुली विकेल. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला धंद्याची काय वानवा? एक. दारू खुली आहे ना? मग हातभट्टी बंद झाली? दोन. आणि तिसरं म्हणजे हा साळसूदपणा. विकणाऱ्याला पकडा म्हणे, पण घेणाऱ्याला चोर म्हणू नका, आजारी म्हणा. बरं, म्हटलं. मग आजाऱ्याला ठेवणार कुठं? आमच्याकडेच ना? आणि आमच्यावर पहारा कुणाचा, तर गावच्या बायांची समिती! दाराची चावी बायांच्या हातात! अहो, पिसाटलेला सहा फुटी गडी भिंतीवर डोकं आपटायला लागला की त्याला धरायला बाया येणारेत?”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चढला होता. ते खाली बसले, पाणी प्यायले.

“शनिवारी संध्याकाळी कुठं होता, डॉक्टर?”

“इथंच. मी कुठं जाणार? हे दार माझ्याच गळ्यात बांधलेलं आहे.”

आतल्या खोलीतून कुणीतरी एका सुरात प्रार्थना म्हणत होतं. धाकलू निघाला तेव्हा खिडकीच्या गजाला धरून तिशीचा एक माणूस उभा होता, खांद्यात वाकलेला. त्यानं धाकलूच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि मागून कुणाची तरी चाहूल लागताच तो आत सरकला.

५

दुसऱ्या दिवशी धाकलू साध्या कपड्यांत, चालत, धोंडीबाईच्या झोपडीवर गेला. तिनं बस म्हटलं नाही, तो बसला. ती वालाच्या शेंगा सोलत होती. तो पण सोलू लागला. अर्धी पाटी झाली.

“कान्ह्याचं काय कळलं?” त्यानं विचारलं.

“तारीक पडते. पुन्ना तारीक पडते.” तिनं डोळे वर केले. “विशेसायेब वकिलाकडं जात व्हते त्याच्यासाठी. आता कोन जाईल रे?”

“मी जाईन.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, खरं बोलतो का हे पारखत. मग तिनं मूठभर शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

“मावशी, साहेब भाषण लिहायचे ते तुला ठाऊक होतं?”

“ठावं म्हंजे? माझ्याम्होरंच बोलायचे. मी हितं अशी सोलत बसायची, आन् ते उभं ऱ्हाऊन हात करून करून बोलायचे. मी जांभई दिली का म्हनायचे, हितं पडलं भाषन, बदलतो.”

धाकलूनं खिशातून सुरकुतलेल्या पानांची नक्कल काढली आणि हळूहळू वाचू लागला. ‘दुकान उघडा, टोळी उपाशी मरेल…’ चार ओळी झाल्या नाहीत तोच तिनं हात वर केला.

“ह्ये नाय. ह्ये जुनं हाये. ह्याचा बोळा करून सुक्रवारी टोपलीत टाकला त्यांनी. मी चुलीला घालनार व्हते.”

“आणि नवं?”

“नवं शनवारी दुपारी बोलले. तवा त्यांचा आवाज काय धड नव्हता.” धोंडीबाई शेंगा विसरली. “म्हनले, धोंडे, मी अर्धा चुकलो. पावडर दुकानात ठेवली तर दुकानदारच टोळी व्हईल. विकनाऱ्याला धराच. पन घेनारं पोर चोर नाय, आजारी हाये. कान्ह्याचं पन नाव व्हतं त्यात. चोर म्हनता म्हनून आया घाबरतात, आन् लेकरं कोंडवाड्यात नेऊन घालतात. त्या कोंडवाड्यावर गावच्या बायांची समिती नेमा, म्हनले. दाराची चावी बायांच्या हातात द्या. मी हसले. म्हनलं, आमाला कोन चावी देतंय!”

धाकलूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मावशी, हे नीट आठव. याआधी हे ते कधी बोलले होते? चावीचं, बायांचं?”

“कवाच नाय. त्याच दिवशी सुचलं त्यांना.”

“ऐकायला अजून कोण होतं?”

“मी आन् कोंबड्या.” तिनं कपाळ पुसलं. “मी चारच्या आधी घरी आले. मंग कोन आलं, मला ठावं नाय.”

धाकलूनं वही काढली. आदल्या दिवशीचं पान उघडलं. त्याच्याच अक्षरात, शब्दाला शब्द, ते तिथं लिहिलेलं होतं.

६

त्यानं घाई केली नाही. वाचनालयात बसून विशेंचे साप्ताहिकातले सत्तावीसच्या सत्तावीस लेख वाचले. सगळे एकाच दिशेचे : खुलं करा. चावी नाही, समिती नाही, ‘विकणाऱ्याला धरा’ हे तर कुठंच नाही. बाहेरच्या बाकावर दोन शिक्षक तावातावानं भांडत होते; एक म्हणत होता, बघा, घेणाराच खुलं करा म्हणतो. धाकलूला उठून जावंसं वाटलं. पण सांगायला अजून एक दुवा कमी होता. निमसेंनी विशेंना मारावं कशासाठी? वादात हरेल म्हणून कुणी खून करत नाही.

तेवढ्यात डॉक्टर हेतलचा फोन आला.

“आठवलं. मी तेव्हा शहापूरला होते. दीड वर्षापूर्वी, ऑगस्टमध्ये, आसनगावच्या भातखाचरातून एका मुलाची बॉडी आली होती. नाकात पावडर, घशात काही नाही. मनगटांवर वळ. मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, हवालदार. दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. पण नशेबाज पोरगा म्हटल्यावर तो रिपोर्ट कुणी वाचलाच नाही.”

“मुलाचं नाव?” त्यानं विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधी डोळे मिटून घेतले.

“केणे. भावेश केणे.”

वाचनालयाच्या पायरीवर तो खाली बसला. दीड वर्ष त्याला वाटत होतं की आपण एका आईला चांगला सल्ला दिला आणि नशीब आडवं आलं.

७

मंगळवारी दुपारी मोकाशी मॅडम आणि तो उगवती केंद्रात गेले. निमसेंनी चहा सांगितला. कुणी कपाला हात लावला नाही.

“डॉक्टर, तुमचं बोलणं मी लिहून घेतलं होतं,” धाकलू म्हणाला, आणि त्यानं वाचून दाखवलं. शेवटचा शब्द वाचून वही मिटली. “हे तुम्ही कुणाला उत्तर देत होता?”

“विशेंना. दुसरं कुणाला?”

“विशेंनी हे कधी लिहिलं?”

“त्यांच्या लेखांत असेलच की.”

“सत्तावीस लेख वाचले मी. नाही.”

“मग अंदाज केला असेन. वादविवादात समोरचा काय बोलेल याचा अंदाज करावाच लागतो.”

“विकणाऱ्याला धरा, घेणाऱ्याला सोडा, एवढा अंदाज होईल. पण बायांची समिती? दाराची चावी? ते विशेंना शनिवारी दुपारी सुचलं, आणि जिवंतपणी ते एकाच बाईनं ऐकलं. ते कागद आज कुठं नाहीत. टेबलावर जुना बोळा सरळ करून ठेवला होता. न झालेल्या भाषणाला तुम्ही उत्तर दिलंत, डॉक्टर. म्हणजे ते तुम्ही वाचलंत. शनिवारी चारनंतर, ते मरायच्या आधी, त्यांच्या घरी बसून.”

निमसे हसण्याचा प्रयत्न करत होते. मॅडमनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन शवविच्छेदनांचे, आणि दोन ओळींखाली बोट फिरवलं. दोन्हीकडे तीच ओळ होती : नाकात पावडर, घशात नाही.

निमसेंनी ते कागद दूर सारले.

“तो मुलगा मला चावत होता,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “पाच दिवस पिसाटला होता. बांधला. तरी ओरडत होता, बाकीचे बिथरले असते. झोपेचं इंजेक्शन दिलं, थोडं जास्त. सकाळी थंड. सांगितलं असतं तर केंद्राला कुलूप. सतरा जण रस्त्यावर, परत त्याच पुडीवाल्याच्या दारात. आत येणाऱ्यांच्या खिशातली पावडर माझ्या कपाटात पडूनच असते.”

“आणि विशे?”

“सभ्य माणूस. शनिवारी फोन केला. म्हणाले, उद्या मी तुझं नाव घेणार. आधी सांगतो, म्हणजे तू स्वतः उभा राहून कबूल करशील. मी गेलो. भाषण वाचायला दिलं, चहा केला. मी पाय धरले त्यांचे. तुम्हाला कुणी सांगितलं, एवढंच विचारलं. इथं फिरताना कुणीतरी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली असणार. नाव सांगितलं नाही. संध्याकाळची सुई घ्यायची वेळ झाली होती; म्हटलं, मी देतो…” ते थांबले. “जे भाषण मला आडवं आलं, त्याच्याशी मी अजून मनात भांडतोय, हवालदार. तीन रात्री झाल्या. म्हणून तुमच्यासमोर तोंडून गेलं.”

मॅडम उठल्या. निमसेंनी दाराकडे जाताना मान वळवली.

“चाळीस जण बरे होऊन गेले इथून. ते जगतायत. हे पण लिहा.”

“लिहितो,” धाकलू म्हणाला, आणि त्यानं खरंच लिहिलं.

८

पण गुन्हा कोर्टात उभा राहायचा तर भावेशला बांधलेलं, टोचलेलं बघणारं कुणीतरी हवं होतं. बुधवारी केंद्राच्या अंगणात अठरा माणसं बसवली होती, उन्हाला डोळे बारीक करून. मोकाशी मॅडमनी विचारलं, समजावलं, पुन्हा विचारलं. अठरा जण जमिनीकडे बघत होते.

शेवटी एकानं विचारलं, “मॅडम, जबाब दिला तर आम्ही घेत होतो ते पण लिहिणार ना?”

“उपचाराला आलेल्याला कायद्यात सूट आहे,” मॅडम म्हणाल्या.

अठरा तोंडांवर काही हललं नाही. धाकलूला त्यांचं नवल वाटलं नाही. ही सूट पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यालाही कुणी समजावून सांगितली नव्हती. ती ठाऊक असती, तर त्या दिवशी ठाण्यात त्यानं भावनाताईला वेगळं सांगितलं असतं.

तो सकाळीच तिच्या दुकानात जाऊन आला होता. सगळं सांगितलं, स्वतःचं पण. ‘गुपचूप टाका’ म्हणणारा मी होतो, ताई. तिनं दुकानाचं शटर ओढलं होतं, एवढंच.

आता लोखंडी दारातून ती आत येत होती. रिक्षानं एकटीच आली असावी. पदर धुळीनं भरला होता. तिनं धाकलूकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहिलं नाही. त्या माणसांसमोर येऊन ती जमिनीवर, त्यांच्यासारखीच मांडी घालून बसली.

“मी भावेशची आई,” ती म्हणाली. “तुमाला कुणी पकडायला नाय आलं. माझं पोर भिंतीवरून पळून गेलं, एकटं मेलं, असं मला सांगितलेलं. दीड वर्ष मी झोपेत ती भिंत बघते. मला एवढंच सांगा. तो गेला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?”

प्रार्थनेच्या खोलीचा पंखा उगाच फिरत होता.

मग मागच्या रांगेतून खांद्यात वाकलेला तो तिशीचा माणूस उठला. जगन हिंदोळे, आसनगावचा टेम्पोवाला, पुन्हा पुन्हा इथं येणारा. उठताना त्यानं शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेतला.

“मी होतो, काकी,” तो म्हणाला. “त्याचे हात बांधलेले. पाणी मागत होता, मी पाजलं. रात्रभर होतो. विशेसाहेबांना मीच लिहून दिलं. त्यांनी माझं नाव सांगितलं नाय, आणि ते मेले.” त्यानं धाकलूकडे मान वळवली. “लिहा साहेब. मी पावडर घेत होतो, हे पण लिहा. आधी ते लिहा.”

भावना उठली. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. ती माणसांच्या मधून वाट काढत जगनपर्यंत गेली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन नुसती उभी राहिली, जणू त्या हातांत अजून काहीतरी उरलं असेल.

आणि तिच्यामागे, खाली बसलेल्यांतून, आणखी एक माणूस उठून उभा राहिला.